तंजावरचा वायुपंप आणि टर्बो इंजिनाचा श्वास

इ. स. १८२६ च्या मार्चअखेर कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले. ईस्टरची उपासना त्यांनी तेथेच केली, दुसऱ्या सरफोजीराजांची भेट घेतली, आणि पुढे त्रिचनापल्लीस गेल्यावर ३ एप्रिल रोजी त्यांचा आकस्मिक मृत्यू झाला. त्या अखेरच्या दिवसांत त्यांनी या मराठी राजाविषयी जे लिहून ठेवले, ते आजही चकित करते. राजे लाव्हाझिए, फूर्क्रोआ, लिनियस आणि ब्यूफाँ यांचे दाखले सहज देतात, घोड्यांची त्यांना उत्तम पारख आहे आणि वाघाच्या शिकारीत त्यांचा नेम चुकत नाही, असा त्या वर्णनाचा आशय आहे. यातील ब्यूफाँ आणि लिनियस ही नावे प्राणी-वनस्पतींच्या अभ्यासकांची. उरलेली दोन रसायनशास्त्रज्ञांची, आणि त्यांतही लाव्हाझिएचे नाव ज्वलनाच्या इतिहासात सर्वांत वजनदार. ज्योत म्हणजे पदार्थातून बाहेर पडणारे एखादे गूढ तत्त्व नसून हवेतील प्राणवायूशी होणारा संयोग आहे, हे त्याने तराजू हाती घेऊन सिद्ध केले. १७९४ साली पॅरिसमध्ये त्याचा शिरच्छेद झाला तेव्हा सरफोजी सोळा वर्षांचे होते.

सरफोजींच्या दालनात त्या काळच्या पाहुण्यांनी विद्युत्यंत्र, हस्तिदंती सांगाडा आणि खगोलीय उपकरणे पाहिली. त्यांच्याच शेजारी एक वायुपंपही होता. वायुपंप ही अठराव्या शतकातील युरोपीय ज्ञानलालसेची खूणच म्हणावी लागेल. काचेच्या घुमटाखालची हवा दट्ट्याने उपसत गेले की आतली मेणबत्ती विझते, वाजणाऱ्या घंटेचा आवाज क्षीण होत नाहीसा होतो, आणि घुमटाशी जोडलेल्या नळीतला पारा खाली उतरतो. विझणारी ज्योत पाहणाऱ्याला थक्क करते. पण पुढच्या दोन शतकांना खरे उपयोगी पडले ते पाऱ्याचे उतरणे. हवा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच न म्हणता ‘किती आहे’ हे त्यामुळे सांगता येऊ लागले.

आजच्या टर्बोचार्ज केलेल्या पेट्रोल इंजिनाची सगळी गुंतागुंत या एका प्रश्नाभोवती फिरते: सिलिंडरमध्ये आत्ता, या क्षणी, नेमकी किती हवा गेली? तंजावरच्या राजाचा मोटारीच्या इंजिनाशी काडीचा संबंध नव्हता, हे उघड आहे. तथापि हवेच्या मोजमापाची जी साधने आणि जे नियम आज बॉनेटखाली काम करतात, त्यांतले बरेचसे त्याच्या हयातीत किंवा तत्पूर्वी घडलेले होते. ते तंजावरला पोहोचलेही होते. तिथून पुढे मात्र ते सरकले नाहीत.

कालक्रम पाहण्यासारखा आहे. बंदिस्त हवेचे आकारमान आणि दाब यांचे व्यस्त नाते बॉइलने १६६२ मध्ये मांडले होते. तापमानाबरोबर वायू किती प्रसरण पावतो याचे प्रयोग जाक शार्लने १७८७ च्या सुमारास केले. तुळजाजी राजांनी सरफोजींना दत्तक घेतले तेही १७८७ सालीच. शार्लने ते प्रसिद्ध केले नाहीत. गे-ल्यूसॅकने १८०२ मध्ये ते जगापुढे आणले. नळी अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो, यावरचा व्हेंचुरीचा ग्रंथ १७९७ चा. सरफोजींचा राज्याभिषेक १७९८ चा. उष्णता-इंजिनाच्या कमाल कार्यक्षमतेवरचे कार्नोचे पुस्तक १८२४ मध्ये निघाले, म्हणजे हेबर तंजावरला येण्याच्या दोनच वर्षे आधी.

सरफोजींचे शिक्षण डॅनिश मिशनचे जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले. गादीवर आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला; राजांच्या हाती तंजावरचा किल्ला, वर्षासन आणि भरपूर मोकळा वेळ राहिला. तो वेळ त्यांनी ज्या रीतीने घालवला त्याला हिंदुस्थानच्या तत्कालीन राजघराण्यांत तोड सापडणे कठीण. सरस्वती महाल ग्रंथसंग्रहाची वाढ, धन्वंतरी महालातील औषधोपचारांच्या नोंदी, ‘नवविद्या’ शिकवणाऱ्या शाळा, देवनागरी छापखाना आणि त्यावर १८०६ च्या सुमारास छापलेली ‘बालबोध मुक्तावली’, एवढेच नव्हे तर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे कुरवंजीच्या तोंडून पृथ्वीचा भूगोल सांगणारे मराठी नाटक. भूगोल रंगमंचावर आणण्याची ही कल्पना आजच्या विज्ञानप्रसारकांनाही हेवा वाटावा अशी आहे.

तरीही एक फरक डोळ्यांआड करता येत नाही. त्याच १८०४ साली वेल्समध्ये ट्रेव्हिथिकचे वाफेचे इंजिन रुळांवरून धावले. तिकडे दाब, तापमान आणि आकारमान हे शब्द खाणीत नि लोहारशाळेत वापरात आले. कारण चुकीचे उत्तर आले की बॉयलर फुटत असे. तंजावरला तेच शब्द ग्रंथालयात राहिले. हा दोष राजांच्या जिज्ञासेचा नव्हे. ज्याच्या हाती महसूल, सैन्य, खाणी, कारखाने यांपैकी काहीच उरलेले नाही, त्याच्याकडे वायुपंप असला तरी तो प्रयोग दाखवण्याचेच यंत्र राहतो.

आता इंजिनाकडे. चार फेऱ्यांचे पेट्रोल इंजिन हा मुळात एक वायुपंपच आहे. पिस्टन खाली येतो, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरची हवा आत धावते. वाटेत थ्रॉटल बॉडीतली गोल झडप असते. ती जवळजवळ मिटलेली असताना, म्हणजे गाडी सिग्नलला उभी असताना, झडपेच्या आतल्या बाजूचा दाब वातावरणाच्या साधारण एकतृतीयांश ते निम्म्यापर्यंत उतरतो. तंजावरच्या काचेच्या घुमटात दट्ट्या मारून जी विरलता आणावी लागे, तशी विरलता आज रस्त्यावरच्या प्रत्येक पेट्रोल गाडीत सेकंदाला अनेक वेळा निर्माण होते. चालक ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा तो पेट्रोल ओतत नाही. तो हवेचे दार उघडतो. पेट्रोल त्या हवेच्या हिशेबाने मागाहून दिले जाते.

हिशेब वजनाचा असतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल लिटरवर विकले जाते म्हणून तीच गोष्ट लिटरमध्ये सांगायची, तर एका लिटर पेट्रोलला नऊ हजार लिटरांहून अधिक हवा लागते. पेट्रोल मोजणे सोपे; ते द्रव आहे, त्याची घनता फारशी बदलत नाही. हवेचे तसे नाही. ती तापली की विरळ होते, डोंगरावर विरळ होते, दमट झाली की तिच्यातला प्राणवायू घटतो. आणि टर्बोचार्जर लावला की तिचा दाब क्षणाक्षणाला बदलू लागतो.

टर्बोची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याच्या १९०५ च्या पेटंटात दिसते. इंजिनाच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या ऊर्जेवर चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून आत ढकलायची. ही कल्पना सर्वांत नाट्यमय रीतीने तपासली गेली ती १९१८ मध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीक या शिखरावर. सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने विमानाचे लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून सुमारे ४,३०० मीटर उंचीवर नेले. समुद्रसपाटीवर साधारण साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथे सव्वादोनशेच्या आसपास घसरले होते. टर्बो जोडल्यावर हरवलेली शक्ती परत आली. मॉसने हे इंजिन विमानात बसवण्याऐवजी डोंगरावर का नेले, याचे कारण सोपे होते: मोजमाप करायला उभे राहण्याची जागा हवी होती.

हवा दाबली की ती तापते, आणि येथे शार्लचा नियम आडवा येतो. ३०० केल्व्हिन, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सियसची हवा दुप्पट दाबाला नेली, आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर तिचे तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. दाब दुप्पट झाला तरी घनता दीडपटच वाढते. मग इंटरकूलरमधून ती हवा ४७ अंशांपर्यंत थंड केली की घनता जवळजवळ १.९ पट होते. म्हणून टर्बो इंजिनात फक्त दाब मोजून भागत नाही. तापमान न मोजता केलेला हिशेब पाव हिश्श्याने चुकू शकतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा हिशेब कार्ब्युरेटर करीत असे. त्याच्या पोटात व्हेंचुरीची अरुंद नळी असते. हवेच्या वेगाने तेथे दाब घटतो आणि त्या ओढीने पेट्रोल वर चढते. एकही तार नसलेले हे गणकयंत्र अतिशय देखणे होते, यात शंका नाही. पण त्याचे गणित घनतेच्या वर्गमुळाशी बांधलेले असते. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेची घनता सखल प्रदेशाच्या सुमारे ७० टक्के भरते. तेवढ्याने कार्ब्युरेटर जवळजवळ २० टक्के जास्त पेट्रोल देऊ लागतो. डोंगरात जुन्या गाड्या काळा धूर सोडत आणि मेकॅनिक जेट बदलत, ते यामुळे.

टर्बोने तर त्याची पुरतीच परीक्षा पाहिली. कार्ब्युरेटर कॉम्प्रेसरच्या आधी लावला, तर पेट्रोलमिश्रित हवा तापलेल्या चक्रातून जाणार. मध्ये इंटरकूलर घालायचा, तर पेट्रोल त्याच्या थंड नळ्यांत साचणार. नंतर लावला, तर पेट्रोलची वाटीही त्याच वाढीव दाबाखाली ठेवावी लागणार, नाहीतर पेट्रोल उलटे ढकलले जाणार. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा या दोन टर्बो गाड्या बाजारात आल्या. दोन्हींत कार्ब्युरेटर कॉम्प्रेसरच्या आधी होता. जेटफायरचे कॉम्प्रेशन रेशो १०.२५ इतके चढे होते. नॉकिंग, म्हणजे ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता उरलेल्या मिश्रणाचा होणारा स्फोट, टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारावे लागे. मालक ती टाकी भरायला विसरत. विसरला की सुरक्षायंत्रणा टर्बोचा दाब रोखी, आणि विकत घेतलेली ताकद गुपचूप नाहीशी होई. वर्षा-दोन वर्षांत गाडी बंद झाली. कित्येकांनी टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून घेतला.

मार्ग इलेक्ट्रॉनिक्सने काढला, पण सरळ नाही. बेंडिक्स कंपनीची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही यंत्रणा १९५८ च्या काही क्रायस्लर गाड्यांत बसली आणि त्या काळच्या कच्च्या घटकांमुळे अपयशी ठरली. तिची पेटंटे जर्मनीच्या बॉशकडे गेली. तेथून १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० साठी आली ती डी-जेट्रॉनिक. ‘डी’ म्हणजे ‘ड्रुक’, अर्थात दाब. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाचा वेग या तीन गोष्टींवरून हवेचे वजन काढायचे. म्हणजे बॉइल आणि शार्ल यांनाच कामाला लावायचे. यात एक उधारी असते. पिस्टनने रिकामी केलेली जागा प्रत्यक्षात किती टक्के भरते, हे दाबावरून कळत नाही. ते आधी चाचणीकक्षात मोजून कोष्टकात लिहून ठेवावे लागते. कोष्टक बरोबर तोवर हिशेब बरोबर.

दुसरी वाट होती हवेचा प्रवाहच मोजण्याची. १९७३ च्या सुमारास आलेल्या एल-जेट्रॉनिकमध्ये (‘एल’ म्हणजे ‘लुफ्ट’, हवा) प्रवाहाच्या जोराने उघडणारे पाते असे. त्याच सुमाराच्या यांत्रिक के-जेट्रॉनिकमध्ये हवेने उचलली जाणारी चकती असे. पोर्शे ९११ टर्बो आणि साब ९९ टर्बो या गाड्या तिच्याच जोरावर रस्त्यावर आल्या. पाते हवेला थोडा अडथळा करते, आणि वजन नेमके सांगत नाही. हा प्रश्न १९८० च्या दशकारंभी एलएच-जेट्रॉनिकने सोडवला. प्लॅटिनमची बारीक तार विजेने तापवून प्रवाहात ठेवायची. हवा तिची उष्णता पळवते. तार ठरल्या तापमानावर टिकवायला जितका जास्त विद्युत्प्रवाह लागेल, तितकी जास्त हवा. या संबंधाचे गणित एल. व्ही. किंग याने १९१४ मध्येच मांडले होते, इंजिनाचा विचारही मनात न आणता. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की घनता वेगळी मोजावी लागत नाही; उष्णता वाहून नेणारे रेणूच मोजले जातात. तारेवर धूळ बसून चूक होऊ नये म्हणून इंजिन बंद केल्यावर ती क्षणभर लालबुंद तापवून मळ जाळून टाकला जाई.

टर्बो इंजिनासाठी या दोन घराण्यांतून निवड करायची वेळ येते तेव्हा हौशी मंडळींत वाद रंगतात, आणि बहुतेक वेळा ते चुकीच्या मुद्द्यावर रंगतात. ‘अचूक कोणते’ हा प्रश्न अपुरा आहे. चूक झालीच तर कोणत्या दिशेने होईल, हे विचारायला हवे.

मास एअर फ्लो सेन्सर, म्हणजे एमएएफ, बहुधा एअर फिल्टरच्या लगेच पुढे, कॉम्प्रेसरच्या आधी बसतो. तेथे हवा साध्या दाबाची असते. टर्बो बदलला, सायलेन्सर बदलला, तरी आत शिरलेली हवा तो मोजतोच. पण त्याच्यानंतरच्या नळीत कुठे एक क्लॅम्प ढिला झाला, तर मोजलेली हवा बाहेर निसटते आणि सिलिंडरला तिच्या वाट्याचे पेट्रोल मात्र मिळते. चालकाने एकाएकी पाय उचलला की थ्रॉटल मिटतो, दाबलेल्या हवेला वाट उरत नाही, म्हणून एक झडप ती सोडून देते. ती बाहेर वातावरणात सोडली की तो सुप्रसिद्ध फुस्स आवाज येतो, आणि एमएएफचा हिशेब बिघडून क्षणभर काळा धूर निघतो. म्हणून अशा गाडीत ती हवा सेन्सरच्या पुढे, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी परत सोडावी लागते. आवाजाच्या हौसेपायी हे विसरणारे कमी नाहीत.

पल्ल्याचीही अडचण आहे. १.२ लिटरच्या इंजिनाला उभ्या गाडीत सेकंदाला दोन-तीन ग्रॅम हवा पुरते. ५,५०० फेऱ्यांना आणि दुप्पट दाबाला तेच इंजिन शंभर ग्रॅमच्या पुढे मागते. एकाच सेन्सरने तीस-चाळीस पटींची ही दरी दोन्ही टोकांना सारख्याच बारकाईने मोजायची असते.

मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर, म्हणजे मॅप, सिलिंडरच्या उंबरठ्यावर बसतो. त्याला वाटेतली गळती फसवत नाही, दाबातला बदल तो तत्काळ सांगतो, त्यात जळणारी तार नाही, आणि तो स्वस्त आहे. पण तो कोष्टकाचा गुलाम आहे. मोठा टर्बो किंवा वेगळा कॅमशाफ्ट लावला की सिलिंडर भरण्याची टक्केवारी बदलते आणि जुने कोष्टक खोटे ठरते. सर्वांत घातक चूक मात्र याहून साधी असते: साध्या इंजिनाचा, एक बारपर्यंतच मोजणारा सेन्सर तसाच ठेवून टर्बो बसवणे. मॅनिफोल्डमध्ये दोन बार दाब असतो. सेन्सर एकावर अडकलेला असतो. संगणक निम्मेच पेट्रोल पाठवतो. कोरडे, तापट मिश्रण पेटते आणि नॉकिंगने पिस्टनचा माथा काही सेकंदांत वितळू शकतो. म्हणून वातावरणाचा एक आणि टर्बोचा एक बार मिळून किमान दोन बार, आणि वर थोडी सोय राहील असा अडीच-तीन बारचा सेन्सर लागतो. एमएएफ चुकतो तेव्हा बहुधा धूर होतो. मॅप असा चुकला, तर इंजिन जाते.

थ्रॉटल बॉडीच्या बाबतीत ‘टर्बो म्हणजे दुप्पट हवा, तेव्हा झडपही मोठी हवी’ हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. तो खोटा आहे. कॉम्प्रेसरनंतर हवा आधीच दाबलेली असते. वजन दुप्पट झाले तरी आकारमान बिनटर्बोच्या इंजिनाइतकेच राहते. त्याच १.२ लिटर इंजिनाची ५,५०० फेऱ्यांची हवा ५० मिलिमीटरच्या झडपेतून सेकंदाला अठ्ठावीस मीटरच्या आसपास वेगाने जाते. पूर्ण उघड्या झडपेवर दाबाची घट एक टक्काही भरत नाही. तीच झडप कॉम्प्रेसरच्या आधी बसवली, तर मात्र आकारमान आणि वेग दोन्ही दुप्पट. शिवाय झडप मिटली की कॉम्प्रेसरच्या तोंडाशी निर्वात होऊन बेअरिंगचे तेल आत ओढले जाते. गरजेपेक्षा मोठी झडप लावण्याचे फळ शहरातल्या गर्दीत मिळते: उघडण्याच्या पहिल्या काही अंशांतच बहुतेक सगळी हवा आत शिरते आणि गाडी हिसके देत चालते. तारेऐवजी मोटरने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये हे सॉफ्टवेअरने झाकता येते. त्या झडपेची स्थिती सांगणारे सेन्सर दोन असतात आणि त्यांनी एकमेकांची साक्ष पटवावी लागते.

हवेच्या आधी इंधन पोहोचले तर काय होते, हे तंजावरच्या लोकांना वेगळे सांगायला नको. त्रिचनापल्लीजवळच्या पोन्मलै येथे, म्हणजे गोल्डन रॉकला, दक्षिण रेल्वेचा मोठा कारखाना आहे, आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या मार्गांवर अनेक वर्षे अल्को जातीची डिझेल इंजिने धावली: मीटरगेजवर वायडीएम-४, ब्रॉडगेजवर डब्ल्यूडीएम-२. दोन्ही टर्बो इंजिने. स्थानकातून निघताना चालकाने नॉच वाढवला की डिझेल लगेच वाढे, पण जड टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागत. तोवर न जळलेल्या कार्बनचा काळाकुट्ट लोट आकाशात चढे. रेल्वेप्रेमींनी त्याचे फोटो हौसेने काढले. भौतिकीच्या दृष्टीने तो हवा आणि इंधन यांच्या चुकलेल्या मेळाचा आलेखच होता. डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटलने चालणारा कारभार नसतो, म्हणून तेथे उपाय उलटा: टर्बोचा दाब चढेपर्यंत इंधन अडवून धरायचे.

पेट्रोल गाड्यांत भारताने कार्ब्युरेटर सोडला तो न्यायालय आणि नियम यांच्या रेट्याने. २९ एप्रिल १९९९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राजधानी परिसरात युरो मानके लागू झाली, आणि नव्या गाड्यांमागे ‘एमपीएफआय’ ही चार अक्षरे दिमाखात मिरवू लागली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाचीही तपासणी आली. दरम्यान टाटा मोटर्सने २०१४ मध्ये झेस्ट गाडीत १.२ लिटरचे रेव्होट्रॉन टर्बो पेट्रोल इंजिन आणले. लहान इंजिन, त्यावर टर्बो, ही जोडी तोवर आपल्याकडे डिझेलपुरतीच घरगुती होती.

आजची इंजिने ‘एमएएफ की मॅप’ असा एकच पक्ष घेत नाहीत. थ्रॉटलच्या आधी एक दाबसेन्सर, नंतर दुसरा, तापमानाचे एक-दोन, कधी जोडीला एमएएफ, आणि या सगळ्यांवर न्यायाधीश म्हणून सायलेन्सरच्या नळीत लॅम्डा सेन्सर. झिर्कोनियाचा हा तुकडा १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत प्रथम आला. जळून बाहेर पडलेल्या वायूंत प्राणवायू उरला का, एवढेच तो सांगतो; त्यावरून संगणक पुढचे इंधन सुधारतो. लाव्हाझिएने ज्या वायूला नाव दिले, त्याचीच शिल्लक तपासून सगळ्या गणिताचा ताळा केला जातो.

ताळा लागतो, कारण हवा साधी नसते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तंजावरचा ईशान्य मोसमी पावसाचा काळ. ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली की वातावरणाच्या शंभर भागांतले जवळजवळ चार भाग पाण्याच्या वाफेचे असतात. मॅप सेन्सर त्या वाफेलाही हवा समजतो आणि तेवढे इंधन जास्त मागवतो. एमएएफही वाफेला वेगळे ओळखत नाही. लॅम्डा ओळखतो, पण सिलिंडरमध्ये जे व्हायचे ते होऊन गेल्यावर.

नवा पेच इंधनाच्या बाजूने आला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२५ मध्ये गाठल्याचे सरकारने जाहीर केले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो, म्हणून एक किलो इथेनॉल सुमारे नऊ किलो हवेतच जळते; मिश्रणाचे समतोल प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येते. हवा अगदी बिनचूक मोजली तरी जुन्या प्रमाणाने इंधन दिले, तर मिश्रण आठ-नऊ टक्क्यांनी कोरडे पडते. सावकाश चालताना लॅम्डा हे भरून काढतो. जुन्या इंजिनांत मात्र पूर्ण थ्रॉटलवर लॅम्डाचे ऐकणे थांबवून संगणक कोष्टकावर चालतो. आणि टर्बोचा दाब तेव्हाच सर्वाधिक असतो. इथेनॉल नॉकिंगला पेट्रोलपेक्षा चांगले तोंड देते, ही त्यातली दिलासा देणारी बाजू. कोरड्या मिश्रणाची उष्णता आणि इथेनॉलची सहनशीलता यांत कोणाचे पारडे जड, याचे उत्तर प्रत्येक इंजिनासाठी वेगळे आहे आणि ते चाचणीकक्षात, दाब, तापमान आणि हवेचे वजन एकाच वेळी मोजूनच मिळते.